आमच्या गल्लीचा नकाशा आम्हीच काढायचा म्हणतोय. कुठून सुरुवात करावी?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात, पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. गल्ली नऊ मीटरची, लांबी साधारण १८० मीटर, दोन्ही अंगांना मिळून चौदा सोसायट्या. टोकाला शाळा, मध्ये इस्त्रीवाला, एक भाजीची हातगाडी आणि एक पिंपळ. पंधरा वर्षांपूर्वी शाळेतली बहुतेक मुलं चालत यायची. आताही मुलं याच भागातली, पण येतात स्कूटरवर मागे बसून, कारण चालायला जागा नाही. फुटपाथ आहे, पण त्याच्यावर विजेचा डबा, दुचाक्या आणि कुणीतरी टाकून दिलेलं कमोड आहे. (कमोड खरंच आहे. दोन वर्षं झाली.)

उन्हाळ्यात पाण्याच्या लाइनीसाठी गल्ली खोदणार असं कळलंय. खोदून झाल्यावर रस्ता पुन्हा करतीलच, तर तो तरी चालता येईल असा व्हावा, झाडं लागावीत, एवढ्यातेवढ्यासाठी गाडी काढावी लागू नये, थोडक्यात गल्ली 'लो-कार्बन' (कमी कर्बवायू सोडणारी) व्हावी, असं आम्हा सहाजणींना वाटलं. म्हणून फॉर्म बनवून सगळ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ६१ उत्तरं आली. त्यातल्या ४७ जणांची पहिली मागणी पार्किंग वाढवा. एकाने लिहिलंय, फुटपाथच काढून टाका.

लोकांना विचारून नियोजन करा असं सगळीकडे वाचते. विचारलं, आणि हे आलं. आता पुढे काय?

स्पष्टवक्ता

म्हणजे सर्व्हे झाला, उत्तर आलं, फक्त तुम्हाला आवडलं नाही. यालाच लोकसहभाग म्हणतात ना?

माझी आई ७८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. तिला डॉक्टरांकडे गाडीतूनच न्यावं लागतं. 'लो-कार्बन' शब्द ऐकला की मी समजतो, कुणाचं तरी पार्किंग जाणार.

पथारी

स्पष्टवक्ता यांचा पहिला मुद्दा चुकीचा नाही. पण ताई, फॉर्म गेला कुणाकडे? सोसायटीच्या ग्रुपवर असतात फ्लॅटचे मालक. सकाळी सातला वस्तीतून चालत येणाऱ्या बायका, वॉचमन, इस्त्रीवाला, शाळेतली मुलं यांतलं कोण आहे त्या ग्रुपवर? गल्लीत सगळ्यात जास्त चालणारी माणसं तीच. तुम्ही गाड्यांच्या मालकांना विचारलंत, त्यांनी गाडीचं उत्तर दिलं.

मी पथारीवाल्यांबरोबर काम करतो. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समितीवर ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका, असं स्पष्ट लिहिलंय. अंमलबजावणी कशी होते ते बोलायला नको. तरी ज्याचं पोट रस्त्यावर आहे तो बैठकीत असलाच पाहिजे, हे निदान कागदावर आलंय. तुमच्या भाजीवाल्याला विचारलंत का गाडी कुठे लावली तर बरं पडेल?

शेवंती

नाही विचारलं. लाज वाटली वाचून. रोज त्याच्याकडून कोथिंबीर घेते.

जुना ओव्हरसियर

ताई, ३४ वर्षं रस्त्यांच्या कामांवर काढली, आता घरी बसून धागे वाचतो. मतं बाजूला ठेवा, आधी टेप काढा. नऊ मीटरमध्ये काय बसतं ते बघू.

तुमच्याकडे आज दोन्ही कडेला मीटर-मीटरचा फुटपाथ असणार. गेले दोन. उरले सात. दोन्ही बाजूंना गाड्या लागत असतील तर एका रांगेला दोन मीटर धरा, म्हणजे चार गेले. मध्ये उरले तीन. बरोबर? समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाला मागे जावं लागतं आणि हॉर्न सुरू.

आता इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक, आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती. निवासी भागात चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर. मोकळी म्हणजे मोकळी, त्यात खांब-डबा-झाड धरायचं नाही. दोन्ही बाजू मिळून ३.६. एकाच बाजूला पार्किंग ठेवलंत तर २. नऊमधून हे गेल्यावर राहतात ३.४.

पुन्हा वाचा. फुटपाथ जवळजवळ दुप्पट झाला आणि गाडी जायची वाटही तीनाची ३.४ झाली. गेली फक्त पार्किंगची एक रांग. झाडं आणि डबे पार्किंगच्या पट्ट्यात दोन गाड्यांच्या मध्ये घ्यायचे, चालण्याच्या पट्ट्यात नाही.

गेलेल्या रांगेत गाड्या किती? १८० मीटरमधून सात गेटांचे प्रत्येकी सहा मीटर वजा करा, राहिले १३८. एका गाडीला साडेपाच. पंचवीस गाड्या. तुमचा सगळा वाद या पंचवीस गाड्यांचा आहे. त्या कुणाच्या ते मोजा. रात्री अकराला एकदा आणि दुपारी एकला एकदा.

स्पष्टवक्ता

ओव्हरसियर साहेब, गणित मान्य. पण त्या पंचवीसांतली एक माझी असेल तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगतो.

काळे_जंगल

मी अकरा वर्षं जर्मनीत फ्रायबुर्गला आहे. इथल्या व्होबान वस्तीबद्दल लिहू का? तिथे राहत नाही, पण मुलीची मैत्रीण तिथली, त्यामुळे आठवड्यातून दोनदा जाणं होतं.

ही आधी फ्रेंच सैन्याची छावणी होती. १९९२ मध्ये सैन्य गेलं आणि ३८ हेक्टर जागा शहराकडे आली. आता साडेपाच हजारांच्या आसपास वस्ती आहे. १९९४ च्या शेवटी काही नागरिकांनी 'फोरम व्होबान' नावाची संस्था काढली आणि पुढच्या वर्षी नगरपालिकेने तिला लोकसहभागाची अधिकृत संस्था म्हणून मान्यता दिली. तेव्हा एकही नवी इमारत उभी नव्हती. रस्ते कसे असावेत, गाड्या कुठे असाव्यात, घरं कोण बांधणार, यावर लोक आधी भांडले आणि मग रेषा पडल्या. बरेचसे भूखंड बिल्डरऐवजी चार-आठ कुटुंबांच्या गटांना दिले गेले. गटाने आर्किटेक्ट नेमायचा आणि आपली इमारत आपण बांधायची.

गाड्यांवर बंदी नाहीये, हा गैरसमज इथल्या लोकांचाही असतो. बहुतेक आतल्या रस्त्यांवर घरासमोर गाडी लावता येत नाही, इतकंच. सामान उतरवा, आजीला सोडा, मग वस्तीच्या कडेला गॅरेज आहे तिथे न्या. त्या गॅरेजातली जागा विकत घ्यावी लागते, आणि ती चांगली महाग आहे. गाडी नसेल तर तसं लिहून द्यायचं, जागा घ्यायची गरज नाही. म्हणजे पार्किंगचा खर्च ज्याची गाडी त्याच्या खिशातून जातो. आपल्याकडे तो रस्त्याच्या रुंदीतून, म्हणजे चालणाऱ्याकडून, वसूल होतो. आतल्या गल्ल्यांत गाडीने माणसाच्या चालीने जायचं, कारण मुलं तिथेच खेळतात. २००६ मध्ये ट्राम आली.

सगळं गोडगोड नाही हं. फोरम व्होबान २००४ मध्ये पैशांच्या अडचणीत येऊन बंद पडला आणि पुढचं काम दुसऱ्या संस्थेकडे गेलं. आणि वस्ती बरीचशी शिकल्यासवरलेल्या, एकसारखं मत असलेल्या लोकांची आहे. चौदा सोसायट्यांत चौदा चेअरमन असलेल्या गल्लीत हेच करणं वेगळं.

स्पष्टवक्ता

आला युरोप. मी वाटच बघत होतो.

बार्शीलोना

हे घ्या अजून थोडा युरोप, पण तुमच्या बाजूचा :) मूळ बार्शीचा, पोट बार्सिलोनात.

इथे 'सुपरब्लॉक' नावाचा प्रकार आहे. साधारण ४०० मीटर लांब-रुंद चौकोन घ्यायचा, आरपार जाणारी वाहतूक बाहेरून वळवायची, आतले चौक माणसांसाठी मोकळे करायचे. कल्पना झकास. पण सप्टेंबर २०१६ मध्ये पोब्लेनोऊ भागात सुरुवात केली ती अशी की लोकांना सकाळी उठल्यावर दिसलं, चौकात जुने टायर मांडलेत, रंग मारलाय, बसचा थांबा दुसरीकडे गेलाय. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी तात्पुरती मांडणी केली होती. लोक भडकले. बाल्कन्यांवर निषेधाचे फलक लागले. त्यांचा राग झाडांवर नव्हता, 'आम्हाला विचारलं कुणी?' यावर होता.

नंतर रहिवाशांशी बोलून टेबलं आली, खेळायची जागा आली, झाडं आली. आज तिथे रविवारी गेलात तर पोरांचे वाढदिवस चालू असतात. जागा तीच आहे.

आणि एक. पॅरिसमध्ये मार्च २०२५ ला लोकमत घेतलं, आणखी ५०० रस्ते चालणाऱ्यांसाठी करायचे का म्हणून. ६६ टक्के हो म्हणाले. पण मतदान किती झालं? चार टक्के. तुमच्या ६१ उत्तरांचं वाईट वाटून घेऊ नका.

घाटकोपरकर

सारखं परदेशात कशाला जायचं? आमच्या घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कचऱ्यावरून सुरुवात केली. गल्लीतले लोक एकत्र आले, ओला-सुका वेगळा करायला लागले, आणि १९९७ पासून मुंबई महापालिकेने हीच पद्धत 'एएलएम' (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणून शहरभर घेतली. काही एएलएम जोरात चालल्या, काही दोन निवृत्त माणसांच्या खांद्यावर चालल्या आणि ती माणसं थकल्यावर संपल्या. तेव्हा शेवंतीताई, सहाजणी आहात ते उत्तम, पण सहांतल्या दोघी तरी पस्तिशीच्या आतल्या शोधा.

उलट उदाहरणही आमच्याकडेच आहे. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग ठिकठिकाणी उभे राहिले. काही उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण जिने चढून वर जायचं आणि खालचा रस्ता गाड्यांना मोकळा ठेवायचा, हे चालणाऱ्याला विचारून ठरवलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं?

चाकांवर

वडील व्हीलचेअरवर आहेत, म्हणून हे नाव. फुटपाथ १.८ चा झाला तरी आम्हाला उपयोग शून्य असू शकतो. प्रत्येक गेटपाशी फुटपाथ खाली उतरवतात, पुन्हा चढवतात. तुमच्या गल्लीत एका बाजूला सात गेटं म्हणजे चौदा चढउतार. वडील गमतीने म्हणतात, हा फुटपाथ नाही, पन्हाळा-पावनखिंड मोहीम आहे.

कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, आणि गेटपाशी फुटपाथ सपाट ठेवून गाडीने उतारावरून चढावं, माणसाने नाही. कंत्राटदाराला हे काम झाल्यावर सांगून काहीही होत नाही. आमच्या भागात मी सांगितलं, त्याने नम्रपणे 'हो मॅडम' म्हटलं, आणि फुटपाथ आहे तसा आहे.

स्पष्टवक्ता, तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठीही हेच लागेल. डॉक्टरांकडे न्या गाडीतून. पण गेटपासून पिंपळापर्यंत तरी त्यांना एकट्याने जाता यायला हवं ना?

स्पष्टवक्ता

जायची. तीन वर्षांपूर्वीपर्यंत रोज जायची. फुटपाथवरच्या चेंबरचं झाकण वर आलेलं होतं, त्याला अडखळून पडली. तेव्हापासून नाही.

जुना ओव्हरसियर

काम झाल्यावर सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं. आमच्या खात्यात प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. आधी मोजणी, मग नकाशा, मग अंदाजपत्रक, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. अंदाजपत्रकात जे धरलं नाही ते पुढे जागेवर येत नाही, कारण त्याचे पैसेच नसतात. झाडासाठी जाळी आणि माती, डक्ट (केबलसाठी जमिनीखालचा पाइप), चेंबर रस्त्याच्या पातळीला आणणं, हे सगळं आयटम म्हणून लिहावं लागतं. तेव्हा तुमचं म्हणणं अंदाजपत्रकाच्या आधी कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर पोचायला हवं, आणि तेही मापांसकट. 'फुटपाथ चांगला हवा' या वाक्याचं अंदाजपत्रक निघत नाही.

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, म्हणजे नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन छोटी कामं सुचवू शकतात. अर्जांची मुदत दरवर्षी जाहीर होते, ती चुकवू नका. पाण्याच्या लाइनीनंतरच्या रस्त्याचा खर्च त्यातून होणार नाही. बाक, झाडं, क्रॉसिंग अशी कामं मागा. शिवाय २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलंय. पत्रात त्याचा उल्लेख करा. आपल्याच धोरणाचं नाव वाचलं की फाइल जरा हलते.

कार्बनबद्दल माझं एक अवांतर. सरसकट काँक्रीटचा आग्रह धरू नका. जगात जो कर्बवायू सोडला जातो त्यात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. डक्ट न टाकता काँक्रीट केलं की दोन वर्षांनी केबलवाला येऊन ते फोडतो, आणि पुन्हा सिमेंट. गल्लीतला कार्बन फक्त स्कूटरच्या नळीतून येत नाही.

शेवंती

मोजलं!

रात्री अकरा आणि दुपारी एक, चार दिवस. रात्री दोन्ही बाजूंना मिळून साधारण तीसेक गाड्या. दुपारी जवळजवळ पन्नास, म्हणजे दोन्ही रांगा भरलेल्या. दुपारच्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त आमच्या गल्लीच्याच नाहीत, मुख्य रस्त्यावरच्या ऑफिसांत येणाऱ्यांच्या आहेत. म्हणजे आम्ही आपापसांत भांडतोय आणि जागा तिसराच वापरतोय. चौदांपैकी पाच सोसायट्यांच्या खालच्या पार्किंगमध्ये मी आणि सुनीताने (नाव बदललंय) डोकावून पाहिलं. जुनी कपाटं, बंद पडलेल्या दुचाक्या, एक देव्हारा, गणपतीच्या मखराचे थर्माकोल. आमच्याच सोसायटीत तीन गाड्यांची जागा अशी अडली आहे.

सकाळी सात ते आठ नाक्यावर उभी राहिले. कामाला येणाऱ्या बायका गल्लीच्या मधोमध चालतात, कारण कडेला गाड्या. एकीला विचारलं, काय बदललं तर बरं होईल? मला वाटलं फुटपाथ म्हणेल. ती म्हणाली, 'बसस्टॉपपाशी सावली करा, आणि संध्याकाळी पिंपळाखाली दिवा लावा.' दिवा आमच्या फॉर्ममध्ये नव्हताच. इस्त्रीवाले काका म्हणाले, माझी टपरी दोन फूट मागे घेतो, पण विजेचं कनेक्शन हलवून द्या. भाजीवाल्या दादांना गाडी शाळेच्या गेटपासून लांब चालेल, फक्त ऊन नको.

पथारी

हे आधी व्हायला हवं होतं, पण झालं हे महत्त्वाचं. आता त्यांना बैठकीला बोलवा. आणि बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये नको, तिथे ते चपला काढून दारात उभे राहतील. पिंपळाखाली घ्या.

काळे_जंगल

वेळही बघा. रविवारी अकराला ठेवलीत तर कामाच्या बायका येणार नाहीत, त्यांची ती दुसऱ्या घरची वेळ असते.

शेवंती

दोन्ही सूचना मानल्या. शनिवारी दुपारी चार, पिंपळाखाली. त्याआधी एक उद्योग केला, वाहतूक शाखेला पत्र देऊन. शाळेच्या पीटीच्या सरांकडून कबड्डीच्या मैदानाची फक्की आणली आणि ओव्हरसियर काकांच्या मापांनी अख्ख्या गल्लीवर रेषा मारल्या. १.८ मीटर इकडे, १.८ तिकडे, एका बाजूला पार्किंगचा पट्टा, चार जागी झाडांचे गोल. दुसऱ्या रांगेतल्या गाड्या लोकांनी एका दुपारपुरत्या हलवल्या. सगळ्या नाही, सहा तशाच राहिल्या.

नकाशा दाखवून तीन महिन्यांत जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या दोन तासांत झालं. नकाशा बघून लोक 'छान आहे' म्हणतात आणि जातात. फक्कीच्या रेषेत उभं राहिलं की लगेच बोलतात. एक काकू पट्ट्यात शेजारणीबरोबर चालून दाखवत होत्या, दोघी मावतात का. शाळेच्या मुलांनी एक झाड हलवायला लावलं, कारण तिथे रिक्षा थांबते. एका चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं, माझ्याकडे पाहुणे आले तर गाडी कुठे लावायची? त्यावर इस्त्रीवाले काका म्हणाले, 'साहेब, तुमच्या खाली दोन कपाटं आहेत, मी नेतो ती.' हशा झाला. चेअरमन हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वॉचमनने कपाटांबद्दल विचारलं.

रात्री पाऊस आला आणि फक्की वाहून गेली. सकाळी दोन्ही रांगा परत होत्या तशा. पण आम्ही सगळी मापं आणि कोण काय म्हणालं ते लिहून घेतलंय. जे विरोधात होते त्यांचंही.

स्पष्टवक्ता

गॅसची गाडी, पाण्याचा टँकर, अग्निशमनचा बंब. ३.४ मध्ये जातील का, हे त्या शनिवारी कुणी तपासलं? नुसत्या काकू चालवून चालत नाही.

जुना ओव्हरसियर

प्रश्न रास्त. बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो, तो जाईल. आज तो तीनातून जातो आणि तेही कुणी वाकडी गाडी लावली नसेल तर. अडचण वळणावर येते. शाळेच्या कोपऱ्यावर पार्किंग मुळीच ठेवू नका, तिथे वळायला जागा सोडा. अग्निशमनवाल्यांना जागेवर बोलावून दाखवा आणि त्यांचा शेरा पत्राला जोडा. आणि पार्किंग कायम एकाच बाजूला नको असेल तर पी-वन, पी-टू करा, सम तारखेला इकडे, विषम तारखेला तिकडे. मात्र मग झाडांचे गोल पार्किंगच्या पट्ट्यात बसणार नाहीत. दोन्हींतलं एक निवडावं लागेल.

बार्शीलोना

झाडं निवडा. एप्रिलमध्ये बार्शीत दुपारी बाराला चाललेला माणूस सांगतोय.

स्पष्टवक्ता

मी नाही निवडत अजून काही. पण डिसेंबरच्या ११ तारखेला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन असतो, २०२१ पासून करतात, तिथे मागच्या वेळी आईला व्हीलचेअरवरून नेलं होतं. तुळशीबागेपर्यंत गेलो. रस्त्याच्या मधोमध थांबवून तिने पन्नास वर्षांपूर्वीचं एक दुकान दाखवलं. वर्षातून एक दिवस हे ठीक आहे. रोज कसं जमवायचं ते तुम्ही मापांसकट दाखवा, मग बोलू.

शेवंती

पुढच्या बुधवारी साडेदहाला कनिष्ठ अभियंता गल्लीत यायला तयार झालेत, अंदाजपत्रक अजून व्हायचंय. आमच्या बाजूने मी, इस्त्रीवाले काका, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि त्या दिवा मागणाऱ्या ताई. त्यांना तेवढ्या वेळापुरती सुट्टी मिळावी म्हणून मी त्यांच्या दोन घरी बोलून आले. चाकांवर, तुमच्या वडिलांना आणता आलं तर गेटपाशीचा उतार तेच समजावतील. ओव्हरसियर काका, तुम्ही याल का? टेप आहे आमच्याकडे.

कमोड हललेलं नाही. कुणीतरी त्यात कोरफड लावलीय.

चाकांवर

येतो आम्ही दोघं. वडील आत्तापासून भाषण तयार करतायत.

जुना ओव्हरसियर

टेप कापडी असेल तर आणू नका, ती ताणली जाते. माझी स्टीलची आणतो. दहाला पोचेन.